एकोणिसाव्या शतकातील देशावरची बाई

एकोणिसाव्या शतकात देशावरच्या खेड्यात बाईचा दिवस पहाटेच्या अंधारात जात्यावर सुरू होई. बाजरीचे पीठ चार दिवसांत कडू होते, म्हणून दळण जवळजवळ रोजचे. सासू-सून किंवा दोघी जावा समोरासमोर बसत. एका हाताने खुंटा धरून जाते ओढायचे, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाण्यांची वैरण त्याच्या तोंडात सोडायची. ओव्या गायच्या त्या याच वेळी. माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास सारे त्यांत येई. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी रचलेले हे काव्य मराठीचे फार मोठे धन आहे, आणि ते रचणाऱ्यांची नावे मात्र राहिली नाहीत.

मग पाणी, शेणगोठा, भाकरी. कुणबी बाई पुढे खुरपणी-कापणीलाही जाई. पाणवठ्यावर जात आडवी येई: अस्पृश्य मानलेल्या बायकांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरता येत नसे, कोणी वरून ओतील तेवढ्यावर भागवावे लागे.

विसावा मिळे तो सणावाराला. नागपंचमीचे झोके आणि दिवाळीचे माहेरपण यांची वाट वर्षभर पाहिली जाई.

मुलींची लग्ने बहुधा न्हाण येण्यापूर्वीच होत. विधवेचे भवितव्य जातीवर ठरे. कुणबी-माळ्यांत पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागे. ब्राह्मण घरांत केशवपन होई. १८५६च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली, पण पुन्हा लग्न करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क त्याच कायद्याने काढून घेतला. या अन्यायांविरुद्ध बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. ते प्रत्येकाने मुळातून वाचावे.