तुकड्यांनी सांगितलेला आकार

वसईच्या वालीव-सातिवली पट्ट्यातल्या एखाद्या गाळ्यात लेझर कटिंगचं मशीन चालू असताना जरा उभं राहून बघावं. स्टीलच्या पत्र्यावर प्रकाशाचा ठिपका पडतो, तेवढीच जागा वितळते आणि नोझलमधून सुटलेला नायट्रोजन तो वितळलेला धातू खाली उडवून देतो. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं की कधी धातूची बारीकशी खरखरीत बर हाताला लागते. उष्णता तिथून गेल्याची ती खूण.

वसईहून लोकलनं चर्चगेट गाठावं आणि पुढे कुलाब्याच्या टोकाला नेव्हीनगरला जावं. तिथे समुद्राकाठी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी आहे. होमी भाभांनी १९४५ साली ती सुरू केली. कुलाब्याच्या वास्तूचं उद्घाटन १९६२ साली झालं. या संस्थेतही लेझरनं तोडण्याचं काम झालं. मात्र इथे तोडायचा तो रेणू. प्रा. दीपक माथूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र प्रकाशात रेणूंचं काय होतं, याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला.

या कामाचा झोत फेम्टोसेकंदांचा असतो. एका सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले, तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. ४० फेम्टोसेकंदांत प्रकाशसुद्धा फक्त १२ मायक्रॉन सरकतो. केसाची जाडीही त्याहून जास्त. असा झोत थेट वाढवायला गेलं तर वाढवणारा स्फटिकच जळेल. डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी १९८५ साली तोड काढली: झोत आधी ताणायचा, मग वाढवायचा, शेवटी पुन्हा आवळायचा. त्यासाठी त्यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

आता पोलादी निर्वात पेटीत तोच नायट्रोजन सोडू. त्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला १५.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात आणि अवरक्त प्रकाशाच्या एका कणाजवळ असतात जेमतेम १.५५. एकट्यादुकट्याचं ते कामच नव्हे. पण झोत एका बिंदूवर एकवटला की कणांची अशी दाटी होते की अकरा जण मिळून इलेक्ट्रॉनला बाहेर काढतात. तीव्रता आणखी वाढली की प्रकाशाचं विद्युतक्षेत्रच रेणूची भिंत वाकवतं आणि इलेक्ट्रॉन तिच्यातून निसटतो.

दोन इलेक्ट्रॉन गेले की उरलेले दोन्ही अणू धनभारित होतात आणि एकमेकांना जोरानं ढकलतात. हाच कूलॉम्ब स्फोट. सगळं इतक्या झटपट घडतं की जड अणूंना जागा सोडायला फारशी सवडच मिळत नाही. म्हणून तुकड्यांच्या वेगात मूळ रेणूचा आकार शिल्लक राहतो. हायड्रोजन मात्र हलका आणि चपळ. मेथॅनॉलच्या रेणूतून कधीकधी तीन हायड्रोजन एकत्र बांधलेला आयन बाहेर पडतो. तुटण्याच्या त्या क्षणातच नवा बंध जुळलेला असतो!

हे तुकडे एका नळीतून शोधकाकडे धावतात. भार सारखा असेल तर हलका आधी पोचतो, जड मागून. पडद्यावर नायट्रोजन आयनाचं एक शिखर दिसायला हवं, तिथे दोन दिसतात. शोधकाच्या दिशेनं उडालेले आयन लवकर येतात. उलट दिशेला उडालेल्यांना वळून यावं लागतं, म्हणून ते मागे पडतात. त्या दोन शिखरांमधलं अंतर मोजलं की स्फोटाची ऊर्जा कळते आणि ऊर्जेवरून, तुटताना दोन अणू एकमेकांपासून किती लांब होते तेही. पत्र्याची बर घासून टाकायची असते. इथे मात्र तुटल्याच्या खुणेसाठीच सगळा खटाटोप.