विश्लेषण : तोरणा ते राजगड एका दिवसात… वेळेचे गणित नेमके कुठे चुकते?

थंडी पडली की पुणे-मुंबईच्या ट्रेकर्सच्या ग्रुपवर तोरणा-राजगडचे बेत शिजू लागतात. दोन्ही गडांना जोडणारी डोंगरधार एका दिवसात पार करता येते, हे खरे. मात्र अनेकांचे नियोजन ‘किती किलोमीटर?’ या प्रश्नापाशीच थांबते आणि राजगड उतरताना अंधार गाठतो. हा ट्रेक ठरवताना अंतरापेक्षा घड्याळ महत्त्वाचे का, हे समजून घेऊ.

वाट कशी आहे?

वेल्हे गावातून तोरणा (१४०३ मीटर) चढायचा. बुधला माचीच्या टोकाकडून घसाऱ्याच्या तीव्र उतारावरून खाली उतरले की डोंगरधार लागते. धारेवरचे चढउतार पार करत वाट मधल्या खिंडीत येते. येथे भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता धार ओलांडतो. रस्त्यापलीकडे पुन्हा चढ सुरू होतो आणि अळू दरवाजातून राजगडाच्या संजीवनी माचीवर प्रवेश होतो. पद्मावती माचीवरून गुंजवणे किंवा पाली दरवाजाच्या बाजूने खाली उतरता येते. एकूण चाल १८ ते २० किलोमीटरची, तर चढाई हजार मीटरच्या पुढे जाते.

किती वेळ धरायचा?

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक सोपा ठोकताळा मांडला. दर पाच किलोमीटरला एक तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्यानुसार हा ट्रेक साधारण साडेपाच ते सहा तासांत व्हायला हवा. पण हे गणित तंदुरुस्त माणसाचे, चांगल्या वाटेचे आणि न थांबता चालण्याचे आहे. घसारा, ऊन, पाठीवरचे पाणी, जेवण, फोटो आणि सर्वात हळू चालणारा सोबती हे सगळे धरले तर बहुतेक गटांना दहा ते बारा तास लागतात. गटाचा वेग त्या शेवटच्या माणसावरच ठरतो.

मग वेळापत्रक कसे आखायचे?

उलट्या बाजूने. नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरमध्ये पुणे परिसरात सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो. राजगड उतरायला दीड ते दोन तास लागतात, म्हणजे पद्मावती माची चार वाजता सोडायला हवी. अळू दरवाजापासून तेथे यायला सुमारे तासभर जातो. संजीवनी माची लांबलचक आहे आणि ‘गडावर पोहोचलो’ असे वाटून येथेच अनेकांचा वेळ जातो. खिंडीतून अळू दरवाजा गाठायला सुमारे दोन तास. म्हणजेच दुपारी एकच्या आत खिंड ओलांडलेली हवी. त्यासाठी वेल्ह्यातून पहाटे साडेपाचला हेडटॉर्च लावून निघावे. सुरुवातीची वाट मळलेली आहे. आठपर्यंत तोरणा आणि नऊपर्यंत बुधला माची सोडली की हिशेब जमतो.

खिंडीला एवढे महत्त्व का?

कारण धारेवरून बाहेर पडण्याची ती सर्वात सोयीची जागा आहे. एकदा पुढचा चढ सुरू केला की राजगड गाठून उतरणे किंवा मागे फिरणे एवढेच पर्याय उरतात. कुणाचा गुडघा दुखत असेल, पाणी एक लिटरच्या खाली आले असेल किंवा एक वाजून गेला असेल, तर डांबरी रस्ता धरून वेल्ह्याकडे परतावे. हा निर्णय खिंडीत उन्हात बसून वाद घालत घेण्याऐवजी आदल्या दिवशीच सर्वांना सांगून ठेवलेला बरा.

पाणी आणि वाटेचे काय?

पाणी तोरण्यावर आणि राजगडावर मिळते, तेही गाळून किंवा शुद्ध करूनच प्यावे. मधल्या धारेवर मात्र पाण्याचा भरवसा नाही आणि सावलीही कमीच. प्रत्येकी किमान चार लिटर पाणी लागते. धारेवर गुरांच्या पायवाटा, म्हणजे ढोरवाटा, मुख्य वाटेला फाटे फोडतात. वाट बराच वेळ एकाच बाजूने दरीत उतरू लागली, तर थांबून शेवटच्या खुणेपर्यंत मागे यावे. मोबाइलचे जीपीएस नेटवर्कशिवायही चालते, कारण ते थेट उपग्रहांचे संदेश घेते. लागते ते आधी डाउनलोड केलेला नकाशा आणि शाबूत बॅटरी. त्यामुळे फोन फ्लाइट मोडवर ठेवावा आणि पॉवर बँक सोबत घ्यावी.

उलट दिशेने केला तर?

राजगडाकडून निघाल्यास बुधल्याचा घसारा दिवसाच्या शेवटी थकल्या पायांनी चढावा लागतो. तोरण्याकडून निघाल्यास तो सकाळी, पाय ताजे असताना उतरता येतो. एका दिवसात ट्रेक करणाऱ्या नवख्यांना दुसरा पर्याय सोयीचा. शेवटी उजेड कमी होत असेल, तर चोर दरवाजाच्या उभ्या वाटेऐवजी पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट निवडावी. गाडीही त्यानुसार आधीच त्या बाजूच्या गावात बोलवावी. सुरुवात आणि शेवट वेगळ्या गावांत असल्याने हे विसरले, तर दमलेल्या अवस्थेत रात्री रस्त्याने पायपीट होते.

निघण्यापूर्वी काय करावे?

घरच्या एका व्यक्तीला वाट, गटातील सर्वांचे क्रमांक आणि गाडीचालकाचा क्रमांक लिहून द्यावा. ‘रात्री आठपर्यंत फोन आला नाही, तर आधी चालकाला आणि मग ११२ ला फोन कर’, असे स्पष्ट सांगावे. धारेवर नेटवर्क गेले, तर शोध कुठून सुरू करायचा हे त्या कागदावरूनच कळते.