पोरक्या भावंडांचा वारसा
आईबाप गेले की पोरांना जवळ घेणारे पुढे येतात. पण त्यांची ओढ पोरांकडे की पैशाकडे? अमेरिकी लेखक डॅनियल हँडलर यांनी लेमनी स्निकेट या नावाने १९९९ ते २००६ या काळात लिहिलेल्या १३ कादंबऱ्या हाच पेच मांडतात.

पहिल्या पुस्तकात आगीत आईबाप गमावलेली व्हायोलेट, क्लाउस व तान्ही सनी ही भावंडे काउंट ओलाफ या नातेवाइकाकडे जातात. व्हायोलेट सज्ञान होईपर्यंत वारशाला हात लावता येत नाही. म्हणून ओलाफ नाटकाच्या नावाखाली १४ वर्षांच्या त्या पोरीशी खरेच लग्न लावू पाहतो. बँकेचे पोसाहेब मुलांचे ऐकत नाहीत. क्लाउस रात्रभर कायद्याचे पुस्तक वाचून डाव ओळखतो. सही वधूच्या स्वतःच्या हातची हवी. उजव्या हाताने लिहिणारी व्हायोलेट डाव्या हाताने सही करते आणि लग्न रद्द ठरते!

आपल्याकडे बौद्धांनाही लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या ११ व्या कलमानुसार, केवळ मूल सांभाळतो म्हणून कोणालाही त्याची मालमत्ता विकता येत नाही. घरची कागदपत्रे कोठे आहेत, हे मोठ्या मुलामुलींना सांगून ठेवावे, असे आम्हांस वाटते.