अठ्ठावन्न अणूंचा घन

तांब्याच्या एका घनात चार अणू असतात, लोखंडाच्या घनात दोन. मँगनीजच्या घनात अठ्ठावन्न.

घन म्हणजे इथे धातूच्या आतल्या रचनेचा छोट्यात छोटा नमुना. इंजिनिअरिंगची मुलं त्याला ‘युनिट सेल’ म्हणतात. हा एक घन वर-खाली, पुढे-मागे, आजूबाजूला जसाच्या तसा मांडत गेलं की अख्खा धातू उभा राहतो. ‘गेट’ परीक्षेच्या तयारीला बसलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, चार आणि दोन हे आकडे तो डोळे न उघडता सांगेल. अठ्ठावन्न ऐकल्यावर मात्र उठून बसेल.

आणि तो बालाघाटचा असेल तर त्याने बसायलाच हवं. गावाला लागून असलेल्या भरवेलीची खाण आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. तिथलं काम जमिनीखाली ४०० मीटरच्याही पुढे गेलं आहे. खाण ‘मॉइल’ या सरकारी कंपनीची, मॉइलचं मुख्यालय नागपुरात. १९५६ पर्यंत बालाघाटची राजधानीही नागपूरच होती. मग सीमा बदलली, राजधानी भोपाळला गेली, पण गोंदियाची वाट आणि घरातली मराठी-पोवारी काही कुठे गेली नाही. याच जिल्ह्यात पलीकडे मलाजखंडला हिंदुस्थान कॉपरची तांब्याची अवाढव्य खाण आहे. म्हणजे चार अणूंचा सरळमार्गी धातू आणि अठ्ठावन्न अणूंचा विक्षिप्त धातू, दोघांचं खनिज एकाच जिल्ह्यात. मटेरियल सायन्स शिकायला इतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही.

गेटमध्ये ‘इंजिनिअरिंग सायन्सेस’ नावाचा एक पेपर असतो, मुलांच्या बोलीत ‘एक्सई’. शंभर गुण, तीन तास. त्यात १५ गुणांचं इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स सक्तीचं आणि बाकीच्या विषयांतून ३५-३५ गुणांचे दोन निवडायचे. मटेरियल सायन्स हा त्यांतला एक. अभ्यास करताना बहुतेक जण दोन वह्या करतात. एकीत मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू, डिफरन्शियल इक्वेशन. दुसरीत स्फटिक, मिश्रधातू, फेज डायग्राम. गणिताची वही ‘स्कोअरिंग’, ती आधी उरकायची. माझं म्हणणं असं की या दोन वह्या मुळात एकच आहेत. हे पटवून द्यायला मँगनीजएवढा चांगला साक्षीदार नाही.

आधी त्या अठ्ठावन्नचा निकाल लावू. तांब्याची रचना १९१४ साली लॉरेन्स ब्रॅगने क्ष-किरणांनी उलगडली. मँगनीजची उलगडायला १९२७ उजाडलं. ते काम ब्रॅडली आणि थ्यूलिस या जोडीचं. आकडे खरे आहेत का, हे कागद-पेन्सिलीने तपासता येतं, आणि परीक्षेत अगदी याच धाटणीचं गणित येतं. तांब्याच्या घनाची बाजू ३.६१५ अँगस्ट्रॉम, म्हणून घनफळ ४७.२४ घन अँगस्ट्रॉम. चार अणूंचं वस्तुमान ४ × ६३.५५, म्हणजे २५४.२. ॲव्होगॅड्रोचा आकडा आणि एककांचा हिशेब मिळून ०.६०२२ चा गुणक येतो. २५४.२ भागिले (०.६०२२ × ४७.२४) बरोबर ८.९४. तांब्याची घनता आहेच जवळपास तेवढी, एका घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम. डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या घनाची बाजू मोजली आणि तराजूवरचं वजन हातात आलं. मला तरी यात दर वेळी थोडी जादू वाटते.

आता मँगनीज. बाजू ८.९१ अँगस्ट्रॉम, घनफळ ७०७ च्या थोडं वर. रचनेचा प्रकार पाहावा तर ‘बॉडी सेंटर्ड क्युबिक’, बीसीसी, लोखंडासारखाच. बीसीसी म्हटलं की हात आपोआप दोन लिहितो. लिहून पाहा: घनता येते ०.२६. पाण्यावर तरंगणारं मँगनीज! दोनच्या जागी ५८ घातले की उत्तर ७.४८ येतं, खऱ्या धातूच्या घनतेला बरोबर जुळणारं. गोम अशी की बीसीसी हे लॅटिसचं नाव आहे, अणूंच्या संख्येचं नाही. लॅटिस म्हणजे फक्त बिंदूंची मांडणी. लोखंडात प्रत्येक बिंदूवर एक अणू बसतो, मँगनीजमध्ये एकेका बिंदूवर २९ अणूंचा घोळका. दोन बिंदू, दोन घोळके, अठ्ठावन्न अणू. हा भेद पुस्तकात पहिल्याच प्रकरणात असतो आणि सगळे तो वाचून पुढे जातात, कारण तांबं आणि लोखंड तो कधी जाणवूच देत नाहीत.

मँगनीज असा का वागतो? त्याच्या बाहेरच्या भागात पाच इलेक्ट्रॉन एकेकटे राहू पाहतात, त्यातून अणू चुंबकी होतो. पण शेजाऱ्याशी घट्ट बंध जोडायचा तर हेच इलेक्ट्रॉन वाटून घ्यावे लागतात. दोन्ही एकदम जमत नाही. मग तडजोड अशी होते की एकाच घनातले अणू चार वेगवेगळ्या प्रकारच्या जागा धरतात: दोन, आठ, चोवीस आणि चोवीस. बेरीज करून पाहा. काही अणू जास्त चुंबकी, म्हणून जास्त ऐसपैस; काही कमी चुंबकी, आखडून बसलेले. शुद्ध मूलद्रव्य असूनही मँगनीज एखाद्या संयुगासारखा वागतो, जणू स्वतःशीच मिश्रधातू केलेला. तापवला की सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे रचना बदलून घनात वीस अणू उरतात, आणखी तापवल्यावर चार, आणि वितळण्याच्या थोडं आधी दोन. गरम झाल्यावर तो शहाणा होतो असं म्हणायला हरकत नाही.

भरवेलीतून वर येतो तो अर्थात शुद्ध धातू नव्हे, काळं जड खनिज. ब्राउनाइट हे त्यातलं मुख्य. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साठलेला गाळ पुढे दाबाने आणि उष्णतेने पालटून गेला, त्याचे हे थर. नागपूरपासून बालाघाटपर्यंत पसरलेल्या या पट्ट्याचा अभ्यास लुईस फर्मोर नावाच्या भूवैज्ञानिकाने केला आणि १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर हजारावर पानांचा ग्रंथ काढला. इथल्या गार्नेट आणि क्वार्ट्झच्या खडकाला त्याने गोंडांवरून गोंडाइट हे नाव दिलं. जिल्ह्यातल्याच तिरोडीच्या खाणीवरून टिरोडाइट हे खनिजाचं नावही जगभरच्या पुस्तकांत गेलं.

हे सगळं खणून जातं मुख्यतः पोलादात. वितळलेल्या लोखंडात गंधक राहिलं तर ते लोखंडाशी मिळून कणांच्या सीमेवर सुमारे ९८८ अंशांना वितळणारा थर करतं, आणि तापलेलं पोलाद घणाखाली फुटतं. मँगनीज गंधकाला आपल्याकडे ओढून घेतो, आणि त्याचं सल्फाइड १६०० अंशांपर्यंत घट्ट राहतं. पण हे झालं रोजचं काम. खरी करामत १८८२ ची, शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डची. त्याने पोलादात १२ टक्क्यांच्या आसपास मँगनीज घातलं. साधं पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक आणि ठिसूळ होतं. हे उलट चिवट झालं. लोहचुंबकही त्याला चिकटेना, कारण लोखंडाची जी चार अणूंची रचना एरवी फक्त उच्च तापमानाला टिकते, ती मँगनीजने खोलीच्या तापमानालाही टिकवून धरली होती. आणि ठोकलं की ते आणखी कठीण होतं. रेल्वेचे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथला, चाकांचे दणके खाणारा तुकडा आपल्याकडे ‘कास्ट मँगनीज स्टील क्रॉसिंग’ म्हणून याचाच असतो. नवा असताना त्याची कठीणता २०० ब्रिनेलच्या आसपास. गाड्या जाऊन जाऊन पृष्ठभाग ५०० च्या घरात पोचू शकतो. गाडीनेच त्याला टणक करायचं, अशी ही व्यवस्था.

आता गणिताची वही उघडू. तिच्या पहिल्याच पानावर एक निरुपद्रवी वाक्य असतं: मॅट्रिक्सचा ट्रेस, म्हणजे कर्णावरच्या संख्यांची बेरीज, अक्ष बदलले तरी बदलत नाही. यावर फार तर एका गुणाचा प्रश्न. मुलं ते पाठ करतात आणि पान उलटतात.

त्या पानावर थांबा. सपाट कागदावर एक स्फटिक कल्पा, बिंदूंची न संपणारी जाळी. ती एका कोनातून फिरवली आणि पुन्हा जशीच्या तशी दिसली, तर ती त्या कोनाला सममित. हे फिरवणं नेहमीच्या काटकोनी अक्षांत लिहिलं तर मॅट्रिक्सच्या कर्णावर दोन्हीकडे त्या कोनाचा कोसाइन येतो, म्हणजे ट्रेस कोसाइनच्या दुप्पट. आता तेच फिरवणं जाळीच्या स्वतःच्या अक्षांत लिहा. बिंदू बिंदूवरच जायला हवा, अधेमधे नाही, म्हणून मॅट्रिक्समधली प्रत्येक संख्या पूर्णांक. मग ट्रेसही पूर्णांक. पण ट्रेस तर अक्षांवर अवलंबून नाही! म्हणजे कोसाइनची दुप्पट पूर्णांकच असली पाहिजे: उणे दोन, उणे एक, शून्य, एक किंवा दोन. त्यातून कोन निघतात १८०, १२०, ९०, ६० अंश, आणि न फिरवणं. बस. ७२ अंशांच्या कोसाइनची दुप्पट ०.६१८ येते. पूर्णांक नाही, बाद. म्हणून नियमित पंचकोनी फरशी बाजारात मिळत नाही. सारख्या नियमित पंचकोनांनी जमीन भरायला जा, फटी राहतातच. अणूंनाही हाच नियम. विश्वातल्या कुठल्याही आवर्ती स्फटिकाला पाच पदरी सममिती असू शकत नाही, आणि हे सिद्ध करायला ना सूक्ष्मदर्शक लागला ना भट्टी. एका गुणाचं वाक्य पुरलं.

आणि मग ८ एप्रिल १९८२ उजाडला. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये इस्रायली संशोधक डॅन शेख्टमन ॲल्युमिनियमचा एक झपाट्याने थंड केलेला मिश्रधातू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. विवर्तनाच्या चित्रात ठिपके टोकदार, म्हणजे आतली मांडणी सुव्यवस्थित. ठिपके मोजले तर वर्तुळात दहा. दहा म्हणजे ३६ अंश. तेही यादीत नाही. ॲल्युमिनियममध्ये दुसरा धातू कोणता मिसळला होता? मँगनीज!

शोध छापून यायला नोव्हेंबर १९८४ उजाडला. लायनस पॉलिंगसारख्या दोन नोबेलच्या धन्याने तो शेवटपर्यंत मानला नाही. त्याच्या मते ही जुळ्या घनस्फटिकांची फसवणूक होती. पण प्रयोग जगभर पुन्हा पुन्हा जुळत गेला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रंगनाथन, चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच ॲल्युमिनियम-मँगनीजच्या याच कुळात दशपदरी रचना दाखवली. पुढे १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाला स्फटिकाची व्याख्याच बदलावी लागली आणि २०११ मध्ये शेख्टमनना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या पदार्थांना क्वासिक्रिस्टल म्हणतात. यांच्यात व्यवस्था असते, पण तोच घन पुन्हा पुन्हा येत नाही.

म्हणजे गणित खोटं ठरलं का? मुळीच नाही. प्रमेय आवर्ती जाळीबद्दल होतं, आणि मँगनीजने नेमकी ती अटच सोडली. पण याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. १९८५ च्या सुमारास लक्षात आलं की ही न पुनरावर्तणारी रचना सहा मितींतल्या एका साध्या, पूर्णपणे आवर्ती जाळीचा आपल्या तीन मितींत पडलेला छेद म्हणून समजून घेता येते. सहा मिती डोळ्यांसमोर आणता येत नाहीत, कुणालाच येत नाहीत. पण मॅट्रिक्स लिहिता येतो. शेख्टमनच्या मिश्रधातूची सममिती वीस फलकांच्या नियमित ठोकळ्याची, आणि त्या ठोकळ्याला पाच पदरी सममितीचे सहा अक्ष असतात. त्यांतल्या एका अक्षाभोवती ७२ अंश फिरवलं तर तो जागच्या जागी राहतो आणि उरलेले पाच एकमेकांच्या जागी जातात. सहा ओळी, सहा रकाने, सगळ्या संख्या शून्य किंवा एक. कर्णावर फक्त पहिला एक, बाकी शून्यं. ट्रेस एक.

हाच ट्रेस दुसऱ्या वाटेने काढून पाहता येतो. सहापैकी आपल्या तीन मितींचा वाटा: एक अधिक ७२ अंशांच्या कोसाइनची दुप्पट, म्हणजे १.६१८. न दिसणाऱ्या तीन मितींत तेच फिरवणं १४४ अंशांचं होतं: एक अधिक १४४ अंशांच्या कोसाइनची दुप्पट, म्हणजे उणे ०.६१८. दोन्ही वाटे एकेकटे पूर्णांक नाहीत. बेरीज बरोबर एक.