गाडीला जुंपलेले घर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, डेन्व्हर शहराच्या आसपास, नोकरीनिमित्त बारा वर्षांपूर्वी स्थायिक झालेल्या माझ्या एका भाच्याने गेल्या वसंतात मला दूरध्वनीवरून एक हिशेब ऐकवला. त्याच्यापाशी टोयोटाची फोररनर ही मध्यम आकाराची, डोंगर-ओढ्यांतून जाणारी, २०२० सालच्या बनावटीची गाडी आहे. तिच्या माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो, अशी छापलेली आहे. आणि जो राहण्याचा ट्रेलर त्याच्या मनात भरला होता, त्याचे वजन विक्रेत्याच्या कागदावर ४,२०० पौंड लिहिलेले होते. "मामा, आठशे पौंड शिल्लक राहतात, मग अडचण कुठे आहे?" असा त्याचा सवाल. वजाबाकी बिनचूक होती. परंतु कोणत्या रकमेतून कोणती रक्कम वजा करावयाची याचाच ज्या हिशेबात घोटाळा असतो, त्यातील वजाबाकीची शुद्धता कारकुनाचे समाधान करील, प्रवाशाचे रक्षण करणार नाही.

ओढण्याची क्षमता म्हणजे इंजिनाचे बळ, हा या विषयातील मूळ गैरसमज, आणि बाकीचे बहुतेक त्याचीच पिलावळ आहेत. २०१२ सालच्या ऑक्टोबरात एन्डेव्हर हे निवृत्त अंतराळयान लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून संग्रहालयाकडे नेत असताना, महामार्गावरील एका पुलापुरते ते टोयोटाच्याच टुन्ड्रा नावाच्या ट्रकने ओढले. खालच्या चाकगाड्यासह त्या ओझ्याचे वजन ३ लक्ष पौंडांच्या घरात होते, आणि सदरहू ट्रकची अधिकृत क्षमता १०,००० पौंडांच्या आसपासची! त्याहून जुना दाखला हवा असेल तर १९४७ सालचे ते छायाचित्र पाहावे, ज्यात अल्फ्रेड लेटूर्नर हा फ्रेंच सायकलपटू एअरस्ट्रीम कंपनीचा चकचकीत अॅल्युमिनियमचा ट्रेलर आपल्या सायकलीने ओढताना दिसतो. सपाट रस्त्यावर, बेताच्या गतीने, चाकांवरचे ओझे हलवावयास आश्चर्य वाटावे इतके थोडे बळ पुरते. मात्र तेच ओझे उतारावर, आडव्या वाऱ्यात, समोर अचानक थांबलेल्या वाहनांच्या मागे आवरावयाचे असते तेव्हा सायकलपटूचे छायाचित्र कोणी काढीत नाही.

म्हणूनच क्षमतेचा आकडा ठरविताना चढण, वेगवृद्धी, स्थैर्य, ब्रेक, सांगाडा, आस आणि उष्णता या साऱ्यांची परीक्षा घ्यावी लागते. पूर्वी प्रत्येक कारखानदार आपल्या सोयीच्या कसोटीने आपल्या गाडीला सनद देत असे. वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने २००८ साली जे-२८०७ ही सामाईक कसोटी प्रसिद्ध केली आणि २०११ सालच्या गाड्यांपासून टोयोटाने ती सर्वांआधी स्वीकारली. तीत अॅरिझोनातील डेव्हिस धरणापासून वर जाणारा सुमारे ११ मैलांचा घाट, किमान १०० अंश फॅरनहाइट उष्म्यात, गाडीतील वातानुकूलन पूर्ण जोरावर ठेवून, वेग ताशी ४० मैलांच्या खाली न जाऊ देता चढावा लागतो. कसोटी कडक आहे यात शंका नाही. परंतु तिच्यात एक कलम आहे, ज्याकडे घेणारा पाहत नाही व विकणारा बोट दाखवीत नाही. या परीक्षेत गाडीत माणसे धरलेली असतात दोन, आणि तीही प्रत्येकी १५० पौंडांची. माझा भाचा एकटाच या दोघांपैकी दीड माणूस भरेल. शिवाय त्याची पत्नी, दोन मुले आणि एक सुस्वभावी पण वजनदार कुत्रा आहे.

इंजिन आणि क्षमता यांचा संबंध किती सैल आहे हे जीपच्या रँग्लर गाडीवरून दिसते. २०१८ साली आलेल्या तिच्या पिढीत दोन दारांच्या आणि चार दारांच्या गाडीला तेच २८५ अश्वशक्तीचे सहा सिलिंडरांचे इंजिन मिळत असे. तरी पहिलीची क्षमता २,००० पौंड आणि दुसरीची ३,५००. त्यांच्यातला मोठा फरक आहे तो पुढील व मागील चाकांमधील अंतराचा. लांब पाठीची गाडी मागच्या ओझ्याच्या हिसक्यांना पुरून उरते. आखूड गाडीला ते ओझेच दिशा देऊ लागते.

हे ज्याला शब्दांनी समजत नसेल त्याने बैलगाडी आठवावी. माझ्या आजोळी बाजाराच्या दिवशी गाडीत पोती भरताना गाडीवान आधी पुढची पोती भरी, मग मागची, आणि शेवटी जू हाताने उचलून पाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होई. जू वर उचलले जाई, जोते बैलांच्या गळ्याला आवळे, आणि चढावर तर गाडी पाठीवर पडण्याचेच भय. माल पुढे फार झाला तर बैलांची मान दबे. या दोहोंमधले नेमके माप तो निरक्षर मनुष्य तळहाताने घेत असे. ट्रेलरच्या पुढल्या दांड्याचा गाडीच्या हिचवर पडणारा भार, ज्याला तिकडे टंग वेट म्हणतात, तो म्हणजे हेच जुवाचे ओझे होय. आणि राहण्याच्या ट्रेलरच्या बाबतीत ते ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावे असा अमेरिकेतील सर्वमान्य दंडक आहे. हिचवर जितका भार कमी तितके गाडीला सुख, असे समजून सामान ट्रेलरच्या मागच्या अंगाला रचणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांचा ट्रेलर उलाळ होतो. फरक एवढाच की बैलगाडी जागच्या जागी आडवी होते, आणि हा ट्रेलर ताशी ६० मैलांच्या वेगात डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो, प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होत जातो, व अखेरीस मागचे घर पुढच्या गाडीला हाकू लागते.

असे झोके सुरू झाले की जोराने ब्रेक दाबावा, ही स्वाभाविक बुद्धी. काहींचा समज याच्या उलट, की वेग वाढवून ट्रेलर सरळ ताणून घ्यावा. दोन्ही घातक. पाय प्रवेगकावरून अलगद काढावा, चाक सरळ धरावे, आणि चालकाच्या हाताशी असलेल्या नियंत्रकाने केवळ ट्रेलरचे ब्रेक लावावेत, म्हणजे मागून ताण पडून दोन्ही वाहने एका रेषेत येतात. नव्या गाड्यांतील विद्युत्-यंत्रणा झोके ओळखून हे काही अंशी आपणहून करते. पण चुकीची भरलेली गाडी नीट भरून देणारी यंत्रणा अद्याप निघालेली नाही.

आता भाच्याच्या हिशेबाकडे वळू. विक्रेत्याच्या कागदावरचे ४,२०० पौंड हे रित्या ट्रेलरचे वजन होते. त्यात पाणी नाही. आणि अमेरिकन गॅलन सुमारे ८.३ पौंडांचा असल्यामुळे ४० गॅलनांची टाकी भरली की ३३० पौंडांहून अधिक वाढतात. गॅसचे सिलिंडर, बॅटरी, भांडीकुंडी, अंथरुणे, खुर्च्या, मुलांच्या सायकली यांची नोंद त्या कागदावर कोणी करीत नाही. संसार थाटलेला तो ट्रेलर ५,००० पौंडांवर सहज जातो, आणि म्हणून मोजदादीला घ्यावयाचे ते रिते वजन नव्हे, तर ट्रेलरच्या अंगावरील पट्टीवर छापलेले कमाल अनुज्ञेय वजन, हा शहाणपणाचा नियम आहे.

यापुढचा आकडा माहितीपत्रकात नसतोच. चालकाचे दार उघडले असता चौकटीवर एक पिवळी-पांढरी चिठ्ठी चिकटविलेली दिसते. माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त भार घालू नये, असे तीवर बजावलेले असते. ही चिठ्ठी त्या एका गाडीपुरती, तिच्यावर कारखान्यात चढविलेल्या साजासह ठरविलेली असते, म्हणून शेजाऱ्याच्या त्याच नावाच्या गाडीवरचा आकडा निराळा असू शकतो. समजा आकडा १,४०० पौंडांचा आहे. चार माणसे व कुत्रा यांचे ६५०. मागच्या कप्प्यातील सामान २००. हिचचे लोखंड ८०. आणि ५,००० पौंडांच्या ट्रेलरचा १३ टक्क्यांप्रमाणे दांड्याचा भार ६५०, कारण तो भार गाडीच्याच पाठीवर पडतो व म्हणून याच खात्यात जमा होतो. बेरीज १,५८० झाली. ओढण्याची क्षमता पुरी होण्याआधीच वाहण्याची क्षमता संपलेली आहे, आणि मध्यम आकाराच्या गाड्यांच्या बाबतीत बहुधा असेच घडते.

येथे कोणी तज्ज्ञ मित्र सांगतो की भार वाटणारी हिच लावावी, म्हणजे सारे ठीक होते. ही हिच पोलादी दांड्यांच्या ताणाने मागच्या आसावरचा काही भार पुढच्या आसावर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर ढकलते. मागे बसलेली गाडी सरळ होते, पुढच्या चाकांना जमिनीची पकड परत मिळते आणि दिवे आकाशाऐवजी रस्ता उजळू लागतात. उपयुक्त वस्तू आहे आणि बऱ्याच ट्रेलरांना आवश्यकही. मात्र ओझे ती नाहीसे करीत नाही, फक्त वाटते, आणि चिठ्ठीवरचा आकडा तिच्यामुळे तसूभरही वाढत नाही.

गाडी चारही चाकांनी चालते म्हणून जास्त ओढते, हा समज तर चिखलातून बाहेर निघालेल्या माणसाला फारच प्रिय असतो. चारी चाकांची यंत्रणा पकड देते. पण तिचे स्वतःचे वजन असल्यामुळे वाहण्याच्या खात्यातून तेवढी रक्कम आधीच वळती झालेली असते. ओल्या उतारावर ट्रेलर हळूच मागे घेताना तिचा मंद गिअर खरोखर मोलाचा ठरतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. उलट जी वैशिष्ट्ये या गाडीला खडकाळ वाटेची राणी बनवितात, ती मऊ व लांब पल्ल्याची स्प्रिंग, उंच बैठक, लवचिक बाजूंचे जाड टायर, हीच मागे घर जोडले की तिची दुर्बळता होतात. त्यात हौशी मालक पोलादी बंपर व विंच बसवितो, छतावर तंबू चढवितो, आणि ३२ इंचांच्या जागी ३५ इंचांची चाके घालतो. या शेवटच्या बदलाने रस्त्यावर पोचणारे ओढबळ सुमारे ९ टक्के घटते, आणि माहितीपत्रकातला आकडा ज्या गाडीसाठी लिहिलेला होता, ती गाडी आता अस्तित्वातच नसते.

ब्रेकांविषयी थोडक्यात. गाडीचे ब्रेक गाडीपुरते असतात. ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक आणि गाडीत त्यांचा नियंत्रक हवा. कॅलिफोर्नियाचा कायदा राहण्याच्या ट्रेलरला १,५०० पौंडांपासूनच ब्रेक लावावयास सांगतो. कित्येक राज्यांत ही मर्यादा ३,००० पौंडांची आहे. त्याच कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ताशी ५५ मैलांची कमाल मर्यादा आहे, आणि तिची कुचेष्टा करणाऱ्यांनी हवेचा हिशेब करून पाहावा. सुमारे ८ फूट रुंद आणि १० फूट उंच भिंत आपण वाऱ्यावर लोटीत असतो. वेग ५५ वरून ६५ वर नेला की हवेचा रोध सुमारे ४० टक्क्यांनी व त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती सुमारे ६५ टक्क्यांनी वाढते. ट्रेलरच्या एसटी खुणेच्या टायरांपैकी पुष्कळांची मर्यादाही, बाजूवर निराळे छापलेले नसेल तर, ६५ मैलांचीच असते.

डेन्व्हरकरांना आणखी एक कर भरावा लागतो. शहराच्या पश्चिमेस, महामार्ग क्रमांक ७० वरील आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांहून उंच आहे. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के शक्ती गमावते, म्हणजे भाच्याच्या २७० घोड्यांपैकी तिसरा हिस्सा त्या बोगद्यापाशी पोचतच नाही. आणि तरीही चढ हा निव्वळ संथपणाचा प्रश्न आहे. बोगद्यापलीकडचा ७ टक्के उतार हा खरा. तेथे ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याचे ब्रेक तापून निकामी होऊ शकतात, म्हणून उतार लागण्याच्या आधीच खालचा गिअर घालून इंजिनालाच ओझे रोखावयास लावणे भाग आहे.

हे सर्व ऐकून भाच्याने तो ट्रेलर सोडला आणि कमाल ३,५०० पौंडांचा लहान ट्रेलर घेतला. खातरजमा करण्याचा मार्गही मी त्याला सांगितला होता, आणि तो कोणालाही थोड्या डॉलरांत उपलब्ध आहे. महामार्गावरील ट्रकथांब्यांवर कॅट स्केल नावाचे सार्वजनिक वजनकाटे असतात. प्रथम भरलेली गाडी एकटी तोलावी, मग भार वाटणाऱ्या दांड्यांचा ताण सोडून ट्रेलरसह तोलावी, आणि गाडीच्या दोन्ही आसांच्या बेरजेत जी वाढ दिसेल ती जुवाच्या भाराची मानावी. भाच्याचा तो भार ४२० पौंड निघाला, म्हणजे १२ टक्के. तथापि गाडीचा एकूण भार दारावरच्या चिठ्ठीपेक्षा अजून ६० पौंडांनी जास्त होता. त्याने छतावरचा तंबू उतरवून विकून टाकला.