लिनक्स संगणक अडला? आधी त्याची नोंदवही वाचा

प्रतिनिधी

पेण, रोहा : गणेशोत्सव जवळ आला की पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांतील मूर्तिशाळांत रात्रंदिवस काम चालते. एकीकडे मूर्तीवर रंगाचा शेवटचा हात फिरत असतो, तर दुसरीकडे कोणाची किती मागणी, आगाऊ रक्कम किती आली आणि कोणत्या टेम्पोतून किती मूर्ती रवाना झाल्या, याचा हिशेब ठेवावा लागतो. हा हिशेब ज्या संगणकावर असतो, त्याचा पडदा ऐन घाईत गोठला की मालकाचा जीव टांगणीला लागतो. रोह्याच्या बाजारपेठेतील दुकानदार असो वा धाटाव औद्योगिक वसाहतीतील एखादे छोटे कार्यालय, तेथील अवस्थाही याहून निराळी नसते.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यानंतर या प्रश्नाची व्याप्ती वाढली आहे. ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणारा, पण एरवी धडधाकट असलेला संगणक भंगारात देण्याऐवजी त्यावर लिनक्स बसवणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे. मात्र असे यंत्र मध्येच बंद पडू लागले, की दोनपैकी एक निकाल तडकाफडकी दिला जातो. ‘लिनक्सच बेभरवशाचे’ किंवा ‘यंत्रच म्हातारे झाले’. पहिल्या निकालानंतर डिस्क पुसून सारे नव्याने बसवले जाते आणि दुसऱ्यानंतर नवा संगणक विकत घेतला जातो. दोन्ही वेळा मूळ कारण शोधायचे राहूनच जाते. डिस्क पुसली, तर त्या कारणाचा पुरावाही तिच्याबरोबर नाहीसा होतो.

संघर्ष म्हणजे काय?

कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड या प्रत्येक भागाला प्रोसेसरचे लक्ष वेधून घ्यावे लागते. त्यासाठी जो इशारा दिला जातो त्याला ‘इंटरप्ट’ म्हणतात. १९८४ च्या ‘पीसी-एटी’ संगणकात अशा इशाऱ्यांसाठी १६ वाहिन्या होत्या. त्यांतील एक दोन नियंत्रकांना परस्परांशी जोडण्यातच खर्ची पडे. ध्वनी कार्ड आणि मोडेम यांना एकच वाहिनी मिळाली, की दोघांपैकी एक मुके होई किंवा संगणकच थांबे. त्या काळी कार्डावरील बारीक जोडण्या हाताने बदलून हे भांडण सोडवावे लागे.

पुढे आलेल्या पीसीआय पद्धतीत एकच वाहिनी अनेक भागांनी वाटून घेण्याची सोय झाली. पीसीआय एक्स्प्रेस या आजच्या पद्धतीत तर हा इशारा संदेशाच्या रूपाने जातो. त्यामुळे जुन्या अर्थाचा संघर्ष आता क्वचितच आढळतो. आजचे भांडण बहुधा ‘ड्रायव्हर’चे असते. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा एखादा भाग आणि प्रणालीचा गाभा, अर्थात ‘कर्नल’, यांच्यामधला दुभाषा. एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डासाठी ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर आहे आणि कंपनीचा स्वतःचाही आहे. एकाच कार्डावर दोघे हक्क सांगू लागले किंवा कर्नल अद्ययावत झाल्यावर ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नाही, तर पडदा काळा पडतो. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-के’ या पर्यायासह दिली, की कोणत्या भागाची सूत्रे कोणत्या ड्रायव्हरकडे आहेत हे दिसते.

पडदा गोठल्यावर पहिली पाच मिनिटे

सर्वप्रथम, संगणक खरोखर बंद पडला आहे का, हे पाहावे. केवळ ब्राउझर नाहीसा झाला असेल, तर मेमरी अपुरी पडल्याने कर्नलनेच तो बंद केलेला असू शकतो. चित्रमय पडदा गोठला असेल, तर कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबाव्यात. साध्या अक्षरांचा पडदा उघडला, तर कर्नल जिवंत आहे आणि बिघाड ग्राफिकच्या बाजूला आहे, असे मानता येते. काही कीबोर्डांवरचा कॅप्स लॉकचा दिवा सतत लुकलुकू लागतो. ती कर्नल कोसळल्याची खूण होय.

कशालाच प्रतिसाद नसेल, तरी वायर उपटण्याची घाई करू नये. आल्ट आणि प्रिंट स्क्रीन या कळा दाबून ठेवून एस, यू आणि बी ही अक्षरे क्रमाने, प्रत्येक वेळी काही क्षण थांबून दाबावीत. एसने मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरतो, यूने डिस्क केवळ वाचनापुरती उरते आणि बीने संगणक पुन्हा सुरू होतो. कर्नलमध्ये थोडीशी धुगधुगी असेल आणि ही सोय बंद केलेली नसेल, तर फाइली खराब होण्याचा धोका यामुळे पुष्कळ कमी होतो.

नोंदवही काय सांगते?

लिनक्स आपल्या कामकाजाची सविस्तर नोंद ठेवते. आजच्या बहुतेक वितरणांत ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा ‘-बी -१’ या पर्यायासह दिली, की मागच्या वेळी संगणक सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतचा वृत्तांत वाचता येतो. त्यातील अखेरच्या पंचवीस-तीस ओळी सर्वांत मोलाच्या असतात. तेथे ‘आय-ओ एरर’ असे शब्द वारंवार येत असतील, तर संशय डिस्कवर किंवा तिच्या केबलवर जातो. ‘मशीन चेक’ असा उल्लेख असेल, तर प्रोसेसर, रॅम किंवा वीजपुरवठा तपासावा लागतो. ग्राफिक ड्रायव्हरचेच नाव पुन्हा पुन्हा दिसले, तर उपाय सॉफ्टवेअरमध्ये शोधावा.

नोंद कसलीही तक्रार न करता मध्येच तुटली असेल, तर तीही साक्षच आहे. कर्नलला एक ओळ लिहिण्याचीही उसंत मिळाली नाही, याचा अर्थ बहुधा वीज क्षणभर गेली, पॉवर सप्लाय खचला किंवा यंत्र अति तापून बंद झाले. नोंदींतील तारखाच चुकीच्या असतील, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असू शकते.

कोकणची हवा आणि यंत्राची प्रकृती

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चार महिन्यांच्या दमट हवेत रॅमच्या पट्टीवरील संपर्कबिंदूंवर थर चढतो. मूर्तिशाळेत त्यावर माती आणि प्लास्टरच्या बारीक धुळीची भर पडते आणि पंख्यांची पाती व प्रोसेसरवरील धातूच्या झडपा बुजतात. विजेचा लपंडाव हा तिसरा शत्रू. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, त्यानंतर जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. एरवीही वीज परतताना दाब वरखाली होतो आणि त्याचा पहिला फटका जुन्या पॉवर सप्लायला बसतो.

म्हणून तपासणी स्वस्ताकडून महागाकडे न्यावी. संगणकाची वायर काढून आतील धूळ साफ करावी. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे संपर्कबिंदू खोडरबराने हलकेच पुसावेत. मदरबोर्डवरील एखादा कपॅसिटर फुगला आहे का, तेही पाहावे. ‘मेमटेस्ट८६+’ ही चाचणी रात्रभर चालवावी. एकही चूक निघाली, तर एकेक पट्टी स्वतंत्रपणे तपासावी. ‘सेन्सर्स’ ही आज्ञा तापमान दाखवते. ते साध्या कामातही ९० अंशांच्या पुढे जात असेल, तर पंखा आणि प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप यांकडे लक्ष द्यावे.

ड्रायव्हरचा संशय असेल, तर ‘ग्रब’च्या सुरुवातीच्या यादीतून आधीचा कर्नल निवडून पाहावा. पडदाच उमटत नसेल, तर तेथेच ‘नोमोडसेट’ हा शब्द तात्पुरता जोडून संगणक सुरू करता येतो. यंत्र दोषी की प्रणाली, हे ठरवण्याचा सोपा उपाय म्हणजे पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवणे. तेथेही संगणक तसाच कोसळला, तर बसवलेली प्रणाली बहुधा निर्दोष आहे.

एका वेळी एकच बदल

एकाच दिवशी रॅम बदलली, ड्रायव्हर अद्ययावत केला आणि यूपीएसही नवा आणला, तर यंत्र सुरळीत चालू लागेल, पण दोष कशात होता हे कळणार नाही. प्रत्येक वेळी एकच बदल करून तो वहीत टिपून ठेवावा. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने राज्यातील अनेकांना संगणकाची पहिली ओळख विंडोजवरच करून दिली. लिनक्सच्या आज्ञा त्यामुळे अनेकांना परक्या वाटतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील लिनक्सचे धडे मराठीतही उपलब्ध असून, ही भीती घालवण्यास ते उपयोगी पडतात.

या साऱ्या क्रमाला एक अपवाद आहे. ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने डिस्कचे निकामी झालेले भाग वाढत असल्याचे दाखवले किंवा नोंदवहीत डिस्कच्या चुका आढळल्या, तर पुढची कोणतीही चाचणी करू नये. आधी मागणीची यादी, जमाखर्च आणि घरची छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. रॅम बाजारात पुन्हा मिळते, पॉवर सप्लायही मिळतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरवलेली यादी मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.