रिस्टोअर म्हणजे नक्की काय परत येतं?

आजचा शब्द ‘रिस्टोअर’. मोबाईलवर सारखा दिसतो, पण बटण दाबायच्या आधी अर्थ माहीत पाहिजे.

रिस्टोअर म्हणजे एखादी गोष्ट आधी जशी होती तशी करणं. मराठीत याला नेमका शब्द आहे: पूर्ववत करणं. वादळात गेलेली लाईन परत आली की इंग्रजी बातमीत येतं, ‘पॉवर वॉज रिस्टोअर्ड’. गंमत म्हणजे ‘रेस्टॉरंट’ हा शब्दही याच घराण्यातला. फ्रेंचमध्ये आधी थकलेल्याला ताकद परत देणाऱ्या सूपला तसं म्हणायचे, मग ते सूप मिळायच्या जागेला.

आता फरक पाहा. चोरीला गेलेला फोन पोलिसांनी शोधून दिला, तर तो ‘रिकव्हर’ झाला. फोन मिळालाच नाही, पण बॅकअपमधून फोटो नव्या फोनमध्ये आले, तर फोटो ‘रिस्टोअर’ झाले. फुटलेली स्क्रीन बदलली, ते ‘रिपेअर’.

या क्रियापदामागे ‘टू’ आलं की नीट ऐका, कारण कोणत्या अवस्थेत न्यायचं ते तिथं कळतं. ‘रिस्टोअर टू फॅक्टरी सेटिंग्ज’ म्हणजे फोन कारखान्यातून निघाला तसा करणं. तेव्हा त्यात तुमचा एकही फोटो नव्हता, म्हणून आताही राहणार नाही! नाव रिस्टोअर, पण काम सगळं पुसायचं.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. मूर्तिजापूरवरून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला. कापसाच्या वाहतुकीसाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली ही नॅरोगेज लाईन आता बंद आहे, आणि ती सुरू करा ही मागणी जुनी आहे. पण काय रिस्टोअर करायचं? तेच 762 मिलिमीटरचे रूळ दुरुस्त करून गाडी सोडली, तर लाईनही रिस्टोअर झाली आणि सेवाही. 1676 मिलिमीटरचं ब्रॉडगेज टाकलं, तर सेवा रिस्टोअर होईल, लाईन मात्र ‘कन्व्हर्ट’ झाली म्हणावं लागेल. गावच्या माणसाला गाडी पाहिजे, वारसा जपणाऱ्याला तीच छोटी गाडी. शब्द एकच, पण मागण्या दोन.

बोलताना ‘रिस्टोअर बॅक’ म्हणू नका. ‘परत’ हा अर्थ ‘रि’मध्येच आहे.

आणि कामाची गोष्ट. नव्या अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅप टाकताना नंबर आणि गूगल अकाउंट जुनंच ठेवा. ‘रिस्टोअर’ विचारलं की घाईत ‘स्किप’ करू नका. पुढे नवा बॅकअप जुन्याच्या जागी बसला, तर जुन्या चॅट हाती लागणं कठीण. जे साठवलंच नाही, ते रिस्टोअर होत नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन शेवटच्या बॅकअपची तारीख आत्ताच पाहून घ्या, आणि घरी आईबाबांच्या फोनमधलीही पाहा.

भेटू पुढच्या भागात!